स्विच दाबला तरी आकाशकंदील पाच सेकंद अंधारात: एलईडी फेडिंगमधला सुरुवातीचा उशीर

आमच्या गॅलरीतला आकाशकंदील मी घरीच केला होता. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत १२ व्होल्टची मीटरभर एलईडी पट्टी, आणि तिचा उजेड श्वासासारखा वरखाली व्हावा म्हणून डिजिस्पार्क हा अंगठ्याच्या पेराएवढा बोर्ड. अडॅप्टर आत खोलीत, आणि त्यातून गॅलरीकडे येणाऱ्या वायरीवर छोटा स्विच. टेबलावर आठवडाभर सगळं सुरेख चाललं. वसुबारसेला कंदील टांगला, आईने स्विच दाबला, आणि काहीच झालं नाही. तिने क्षणभर वर पाहिलं, स्विच बंद केला, पुन्हा दाबला. पुन्हा अंधार. असं तीनदा झाल्यावर तिने आत हाक मारली, "अगं, हा लागतच नाहीये." मी बाहेर आले, स्विच चालू केला आणि हात खाली घेतला. पाच-साडेपाच सेकंद गेले आणि कंदील उजळायला लागला.

तुटलेलं, जळलेलं काहीच नव्हतं. पण दिव्याचं बटण दाबल्यावर माणूस दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि आईने स्विच बंद केला की बोर्डाचं थांबणं दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होतं. ज्याला हा उशीर माहीत नाही त्याच्या हातून हा कंदील कधीच लागला नसता. घरातल्या माणसांनी वापरायच्या वस्तूत ही किरकोळ त्रुटी नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर हीच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून आली. भाच्याने केलेलं गणपतीचं मखर, वरच्या मजल्यावरच्या काकांचा जिन्यातला दिवा, मैत्रिणीच्या देवघरातली एलईडीची समई. प्रत्येकाचे शब्द तेच: "उशिरा लागतो." कारण मात्र दर वेळी निराळं निघालं. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी कोड मागत नाही. आधी विचारते, नेमके किती सेकंद? कारण या दुखण्यात आकडा कळला की निम्मं निदान झालेलं असतं.

आधी मोजा, तेही दिवा लागणार त्याच जागी

"असेल तीन-चार सेकंद" या उत्तराचा उपयोग नाही. मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा, स्विच आणि दिवा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. एवढी बारकाई आपल्याला पुरते. असं पाच वेळा करा आणि दोन वेळांमध्ये दहा-पंधरा सेकंद स्विच बंद ठेवा. कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर चिप तगून राहिली असेल तर ती नव्याने सुरू झालेलीच नसते आणि आकडा चुकीचा येतो.

पाचही आकडे जवळजवळ सारखे आले, तर कुणीतरी ठरवून तेवढा वेळ थांबतंय: बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवून घेण्यासाठी चिपमध्ये आधीच असलेला छोटा प्रोग्रॅम, किंवा तुमचाच प्रोग्रॅम. आकडा दर वेळी बदलत असेल तर आधी वीजपुरवठा बघा, आणि बोर्ड वायफायचा असेल तर राउटर.

मोजताना लॅपटॉपची वायर काढून ठेवा. आर्डुइनोच्या ऊनो, नॅनोसारख्या बोर्डांवर संगणकाने सिरियल पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो. तशी सोयच केलेली आहे, नवा प्रोग्रॅम आपोआप चढावा म्हणून. सिरियल मॉनिटर उघडून उशीर मोजणारा माणूस प्रत्यक्षात त्या रीसेटचा उशीर मोजत असतो. दिवा ज्या अडॅप्टरवर चालणार आहे त्याच अडॅप्टरवर मोजा.

मग दुसरी चाचणी. तुमचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा आणि नवा, अगदी छोटा लिहा. सेटअपच्या, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागाच्या, पहिल्या ओळीत एलईडीची पिन आउटपुट करायची, दुसऱ्या ओळीत ती हाय करायची, पुन्हा पुन्हा चालणारा लूप रिकामा. लायब्ररी नाही, सिरियल नाही, डिले (ठरावीक वेळ थांबायचा आदेश) नाही. हा चढवून पुन्हा व्हिडिओ घ्या. आता दिवा झटकन लागला, तर उशीर तुमच्या कोडमध्ये आहे. आताही तेवढाच उशीर लागत असेल, तर तुमच्या कोडची पहिली ओळ चालायच्या आतच वेळ जातोय आणि कोड कितीही चाळून काही हाती लागणार नाही. दोन मिनिटांची ही चाचणी न करता कोडशी दोन-दोन रात्री झगडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ती तगमग बघून खरंच वाईट वाटतं.

पाच-सहा सेकंद: डिजिस्पार्क

आमच्या कंदिलाचं हेच होतं. डिजिस्पार्कवर एटीटायनी ८५ ही आठ पायांची चिप असते. तिला स्वतःचं यूएसबी नाही. मायक्रोन्यूक्लियस नावाचा बूटलोडर दोन साध्या पिनांवर, निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर, यूएसबीचं काम निभावतो. वीज आली की हा बूटलोडर आधी उठतो आणि "संगणकाकडून नवा प्रोग्रॅम येतोय का?" म्हणून पाच-सहा सेकंद कान देऊन बसतो. कुणी आलं नाही की मगच तुमचा प्रोग्रॅम सुरू होतो. प्रोग्रॅम चढवताना तुम्ही बोर्ड आयत्या वेळी यूएसबीत खुपसता ना, ते याच खिडकीत बसण्यासाठी. टेबलावर काम करताना हे थांबणं आपल्या सोयीचं असतं, म्हणून खटकत नाही. वस्तू भिंतीवर गेली की तेच थांबणं दोष ठरतं.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही मी करून पाहिले आहेत.

पहिला, बूटलोडरच बदलायचा. मायक्रोन्यूक्लियसच्या काही तयार प्रकारांत यूएसबी जोडलेली नसेल तर लगेच बाहेर पडायची सोय असते; काहींत ठरावीक पिन ग्राउंडला जोडलेली असेल तरच बूटलोडर थांबतो, एरवी थेट प्रोग्रॅमकडे जातो. हा बदल त्याच यूएसबी वायरीतून, अपग्रेड फाइल चढवून करता येतो. वस्तू घरातच राहणार असेल आणि पुढच्या वर्षी फेडिंगची चाल बदलायची असेल, तर हा मार्ग चांगला. अपग्रेड चालू असताना वायर मात्र हलवू नका. मध्येच सुटली तर यूएसबीवरून तो बोर्ड पुन्हा बोलेलच असं नाही.

दुसरा, बूटलोडर काढूनच टाकायचा. घरात पडलेला ऊनो घ्या, त्यावर आयडीईच्या (प्रोग्रॅम लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरच्या) उदाहरणांतला आर्डुइनो आयएसपी हा प्रोग्रॅम चढवा आणि त्यानंतर ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे ऊनो स्वतःच रीसेट होत राहणार नाही. ऊनोची पिन १० डिजिस्पार्कच्या पिन ५ ला, कारण तीच चिपची रीसेट पिन. ११ पिन ० ला, १२ पिन १ ला, १३ पिन २ ला, शिवाय पाच व्होल्ट आणि ग्राउंड. मग "प्रोग्रॅमरने अपलोड" हा पर्याय. यानंतर चिपमध्ये तुमच्या प्रोग्रॅमखेरीज काही उरत नाही आणि वीज आल्यापासून क्षणार्धात तो सुरू होतो. बदल्यात त्या बोर्डावर यूएसबीने प्रोग्रॅम चढवणं संपतं. एलईडी पट्टीचा मॉस्फेट, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, पिन ० वर असेल तर हे करताना १२ व्होल्टची बाजू सोडवून ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम चढेपर्यंत पट्टी वेड्यासारखी लुकलुकते. काही डिजिस्पार्कवर रीसेट पिन फ्यूजने (चिपमधल्या पक्क्या सेटिंगने) बंद केलेली असते, साधी पिन म्हणून वापरता यावी यासाठी. तसा बोर्ड या पद्धतीला दाद देत नाही. त्याला १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो. त्यापेक्षा दुसरा बोर्ड घेतलेला परवडतो.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात बूटलोडरला हातच लावावा लागत नाही. चिप रीसेटमध्ये किंवा बूटलोडरमध्ये असते तेव्हा तिच्या बहुतेक पिना अधांतरी असतात, ना हाय ना लो. त्या वेळी मॉस्फेटचं गेट, म्हणजे त्याला इशारा मिळणारा पाय, कुठे राहायचं हे बाहेरचा रेझिस्टर ठरवतो. सगळीकडे १० किलोओहमचा रेझिस्टर गेटपासून ग्राउंडला लावायला सांगतात, म्हणजे सुरुवातीला दिवा बंद राहतो. तोच रेझिस्टर पाच व्होल्टला जोडा. स्विच दाबताक्षणी दिवा पूर्ण तेजाने लागतो, पाच सेकंद तसाच राहतो, आणि मग प्रोग्रॅम ताबा घेऊन त्याला हळूहळू खाली आणतो. त्यासाठी प्रोग्रॅममधलं चक्र शून्यापासून सुरू करायचं नाही, २५५ पासून, म्हणजे पूर्ण तेजापासून, उतरतं सुरू करायचं. बघणाऱ्याला वाटतं की कंदील लागला, स्थिरावला आणि मग श्वास घेऊ लागला. आईला तर आधीपेक्षा हेच आवडलं.

यात एक खाच आहे आणि ती माझ्या बोटाला चटका बसल्यावर कळली. माझ्या बोर्डावरचा इवलासा लाल एलईडी पिन १ वर आहे. मी मॉस्फेटही पिन १ वरच घेतला होता. आता १० किलोओहममधून येणारा प्रवाह त्या एलईडीतून ग्राउंडला वाट काढतो, आणि गेट पाच व्होल्टला न जाता दोन व्होल्टच्या आसपास अडकतं. मॉस्फेट अर्धवट उघडतो. पट्टी मिणमिणते आणि उरलेली सगळी ऊर्जा मॉस्फेट स्वतःच्या अंगावर झेलतो. पाच सेकंदांत तो चांगलाच तापला. मॉस्फेट पिन ० वर हलवला, प्रश्न मिटला. तुमच्या बोर्डावरचा एलईडी पिन ० वर असेल तर उलट करा. मल्टिमीटरने गेट आणि ग्राउंडमध्ये मोजून पाच व्होल्टच्या जवळ आकडा आला, तरच पुढे जा. पिन ३ तर मॉस्फेटला घेऊच नका, रेझिस्टर ग्राउंडला लावणार असाल तरीही. यूएसबीसाठी तिला बोर्डावरच दीड किलोओहमने पाच व्होल्टकडे ओढलेलं असतं, त्यामुळे तुमचा ग्राउंडचा रेझिस्टर तिथे हरतो. मॉस्फेट आयआरएलझेड ४४ सारखा, पाच व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडणारा घ्या. दुकानात मागताना 'आयआरएल' नीट सांगा. 'आयआरएफ' घातलेल्याला पूर्ण उघडायला जास्त व्होल्ट लागतात.

सेकंद-दोन सेकंद, आणि आठ

ऊनोवरच्या ऑप्टिबूट बूटलोडरची वाट बघायची मुदत साधारण एक सेकंदाची. जुन्या नॅनोंवरचा बूटलोडर थोडा अधिक, सेकंद-दोन सेकंद थांबतो. प्रोग्रॅम चढवताना आयडीईमध्ये "ओल्ड बूटलोडर" निवडावं लागत असेल, तर तुमच्याकडे तो जुना आहे. वरच्याच पद्धतीने त्यावर ऑप्टिबूट बर्न केला की उशीर घटतोच, शिवाय जागाही मिळते, कारण ऑप्टिबूट ५१२ बाइटमध्ये मावतो आणि जुना २ किलोबाइट खातो. हातात प्रोग्रॅमर आहेच, तर मी बूटलोडर न ठेवता थेट प्रोग्रॅमच चढवते.

लिओनार्डो या आर्डुइनो बोर्डावर रीसेटचं बटण दाबल्यावर आठ सेकंद गेले तर घाबरू नका, त्याच्या बूटलोडरची मुदतच तेवढी आहे. त्याच बोर्डावर दिवा लॅपटॉपला जोडल्यावर लागतो आणि अडॅप्टरवर अजिबात लागत नाही, असं झालं तर सेटअपमध्ये "सिरियल तयार होईपर्यंत थांब" असा व्हाइल लूप राहिला आहे का ते बघा. अडॅप्टरच्या पलीकडे सिरियल मॉनिटर उघडणारं कुणी नसतं, त्यामुळे ते थांबणं कधीच संपत नाही. ती ओळ काढून टाका.

उशीर आणि शिवाय सगळंच संथ

बूटलोडरशिवाय प्रोग्रॅम चढवणं जमल्यावर मी दुसऱ्या कंदिलासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटी एटीटायनी ८५ चिप आणली. तोच प्रोग्रॅम चढवला. दिवा लागायला अडीच-पावणेतीन सेकंद लागले. बूटलोडर नाही, डिले नाही, मग थांबतंय कोण? थोडा वेळ नुसती बघत बसले तेव्हा लक्षात आलं की उजळण्याची चालच रेंगाळलेली आहे. तीन सेकंदांत पूर्ण तेजाला जाणारा दिवा चोवीस सेकंद घेत होता. बरोबर आठपट.

कारखान्यातून येणारी ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. तसा फ्यूज लावलेलाच येतो. मी आयडीईत ८ मेगाहर्ट्झ निवडून प्रोग्रॅम बनवला होता, पण फ्यूज बदलले नव्हते. आयडीईतली निवड प्रोग्रॅमला घड्याळाचा वेग सांगते, चिपचा वेग बदलत नाही. तो बदलायला एकदा "बर्न बूटलोडर" चालवावं लागतं, तुम्हाला बूटलोडर नको असला तरी, कारण फ्यूज त्याच पायरीत लिहिले जातात. ते केलं आणि तीन सेकंदांची चाल परत आली.

ओळखायची खूण सोपी आहे. मंद उजेडात असलेल्या पट्टीवरून नजर पटकन एका बाजूला फिरवा. उजेडाची रेघ दिसायच्या ऐवजी ठळक तुटक ठिपके दिसले आणि डोळ्याला थरथर जाणवली, तर घड्याळ संथ असण्याची शक्यता मोठी, कारण त्यासोबत पीडब्ल्यूएमचीही (तेज कमी-जास्त करायला दिवा भराभर चालू-बंद करण्याची) फ्रीक्वेन्सी आठपट उतरलेली असते. ऊनोसाठी, म्हणजे १६ मेगाहर्ट्झसाठी, बनवलेला प्रोग्रॅम नव्या कोऱ्या एटीमेगा ३२८ वर टाकला तर हाच फरक सोळापट पडतो: अर्ध्या सेकंदाचा डिले आठ सेकंदांचा होतो.

चाचणीत झटकन, प्रोग्रॅमसह उशिरा

देवघरातल्या समईने मला सगळ्यात जास्त शिकवलं. छोट्या चाचणीत दिवा लगेच लागत होता. खऱ्या प्रोग्रॅममध्ये जेमतेम सेकंदभर अंधार. मैत्रिणीने कोडमधला प्रत्येक डिले तपासला होता आणि कुठेही एका सेकंदाचं थांबणं नव्हतं.

तिने गॅमा दुरुस्तीचा तक्ता वापरला होता, आणि वापरायलाच हवा. पीडब्ल्यूएमचा आकडा दुप्पट केला म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट दिसत नाही. सरळ ० ते २५५ मोजत गेलं की दिवा सुरुवातीलाच भसकन उजळतो आणि पुढे बराच वेळ तसाच वाटतो. गॅमा तक्ता ही चाल डोळ्याला सरळ करतो. पण २.८ घाताचा, आठ बिटांचा तक्ता उघडून बघा: ० पासून २७ पर्यंतच्या पहिल्या अठ्ठावीस जागांत शून्यच असतं. अपूर्णांक पूर्ण करताना ते सगळे आकडे अर्ध्याच्या खाली राहतात आणि शून्यावर येतात. तिची प्रत्येक पायरी ३० मिलिसेकंदांची होती. अठ्ठावीस गुणिले तीस म्हणजे ८४० मिलिसेकंद. प्रोग्रॅम इमानाने पायऱ्या चढत होता, पण त्या पायऱ्यांवर उजेडच नव्हता.

उपाय एका आकड्याचा: मोजणी ० ऐवजी २८ पासून सुरू करा आणि परत येतानाही २८ वरच वळवा. घात २.२ असेल तर शून्यं १४ पर्यंत असतात, तेव्हा १५ पासून. फेडिंगला साइन किंवा कोसाइन वापरत असाल तर हे आणखी लपून राहतं, कारण ती वक्ररेषा तळाशी सपाट असते. सहा सेकंदांच्या चक्रात, तळापासून निघून गॅमाच्या त्या २८ व्या पायरीवर पोहोचायलाच जवळपास ०.६५ सेकंद जातात. म्हणून मी चक्र तळापासून कधीच सुरू करत नाही. पहिला श्वास मधल्या उंचीवरून सुरू होतो. स्विच दाबणाऱ्या माणसाला तत्काळ उत्तर मिळतं आणि दुसऱ्या चक्रापासून सगळं नेहमीसारखं.

मखराचं प्रकरण अगदी लवकर सुटलं. उशीर काटेकोर तीन सेकंदांचा होता. भाच्याने फास्टएलईडी लायब्ररीतलं डेमोरील १०० हे उदाहरण घेऊन त्यावर आपलं काम केलं होतं, आणि त्या उदाहरणाच्या सेटअपमध्ये तीन हजार मिलिसेकंदांचा डिले मुद्दाम ठेवलेला आहे. प्रोग्रॅम बिघडला तर सावरायला उसंत मिळावी म्हणून. शिकताना तो असावाच. मखर मांडायच्या आदल्या रात्री काढावा.

असेच पूर्ण आकडे, म्हणजे १, २, ३ किंवा ५ सेकंद आले, की कोडमध्ये डिले हा शब्द शोधा. फक्त तुमच्या फाइलमध्ये नाही, सेन्सरच्या आणि डिस्प्लेच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्येही. दिवा आधी लावा, बाकीची मंडळी नंतर उठवा. सेटअपमधल्या ओळींचा क्रम बदलण्याला काहीच खर्च नाही.

जिन्यातला दिवा, लाइट जाऊन आल्यावर

काकांच्या दिव्यात ईएसपी ८२६६ या वायफायच्या चिपचा छोटा बोर्ड होता. एरवी स्विच दाबला की तीन-चार सेकंदांत लागायचा. लाइट जाऊन आली की मात्र कधी दीड मिनिट, कधी दोन, आणि एकदा तर रात्रभर लागलाच नाही. काका म्हणाले, "अगं, अंधारात ज्या वेळी जिना दिसायला हवा, नेमका तेव्हाच हा रुसतो." वयस्कर माणसाच्या जिन्यावर ही गोष्ट धोक्याची आहे, म्हणून मी त्याच संध्याकाळी बोर्ड खाली आणला.

सेटअपमध्ये वायफाय जोडलं जाईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाट बघणारा लूप होता. लाइट आल्यावर बोर्ड आणि राउटर एकाच क्षणी उठतात. बोर्ड लगेच तयार होतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि तोवर बोर्ड लूपमध्ये अडकून बसतो. रात्रभर न लागण्याचं कारण वेगळं होतं: वायफाय मॅनेजर ही लायब्ररी. जुनं नेटवर्क सापडलं नाही की ती स्वतःचं नेटवर्क उघडते आणि कुणीतरी मोबाइलवरून पासवर्ड देईल म्हणून थांबते. मुदत घालून दिली नाही तर ते थांबणं अमर्याद असतं.

मी दोन गोष्टी बदलल्या. दिवा सेटअपच्या पहिल्या दोन ओळींत लावला, आणि वायफाय सुरू करायचा आदेश देऊन पुढे निघाले. तो आदेश लगेच परत येतो आणि जोडणी मागे चालू राहते. फेडिंग लूपमध्ये, डिलेने नाही तर मिलिस या मिलिसेकंद मोजणाऱ्या फंक्शनच्या हिशोबाने, म्हणजे "मागच्या पायरीला किती मिलिसेकंद झाले" असं विचारत. वायफाय जुळलं का हे दर पाच सेकंदांनी एकदा बघायचं. जुळलं तर ठीक, नाहीतर दिवा आपलं काम करत राहतो. पासवर्ड विचारायचं पोर्टल ठेवायचंच असेल तर त्याला मुदत घाला आणि ते बटण दाबल्यावरच उघडेल असं करा. जिन्याच्या दिव्याला इंटरनेट ही जास्तीची सोय आहे, त्यावाचून तो लागायलाच हवा.

आकडा दर वेळी बदलतोय

वायफाय नाही, तरीही आकडा बदलतोय, तर कोड मिटवून ठेवा आणि मल्टिमीटर घ्या.

दिवा उजळत उजळत दर वेळी साधारण एकाच तेजाला पोहोचतो, विझतो, थोडा वेळ अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून, असं होतंय का? म्हणजे अडॅप्टर थकतोय. पट्टीचा भार वाढला की व्होल्टेज खचतं, चिप रीसेट होते आणि बूटलोडरचं थांबणं पुन्हा सुरू. रंगीत डब्ल्यूएस २८१२ च्या पट्टीत एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो. साठ एलईडी म्हणजे ३.६ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरकडून ही अपेक्षा ठेवू नका. तात्पुरती परीक्षा म्हणून प्रोग्रॅममध्ये कमाल तेज निम्मं करा. अडचण नाहीशी झाली तर मोठा अडॅप्टर आणा, आणि पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

स्विच अडॅप्टरच्या आधी, भिंतीवर असेल, तर अडॅप्टरला स्वतःलाही उठायला वेळ लागतो. डेटाशीटमध्ये तो "सेटअप टाइम" म्हणून छापलेला असतो, आणि एलईडीच्या काही अडॅप्टरांत तो अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक असतो. हा वेळ प्रोग्रॅमने कमी होत नाही. स्विच अडॅप्टरनंतरच्या १२ व्होल्टच्या वायरीवर घेतला की तो संपतो. भिंतीवरचा स्विच बंद करून लगेच चालू केला तर अडॅप्टरमधल्या साठ्यावर चिप बंदच झालेली नसते, आणि एखाद्या वेळी दिवा "लगेच लागला" असं वाटतं. मोजताना दहा-पंधरा सेकंद थांबायला सांगितलं ते यासाठीही.

यंदा वसुबारसेच्या आधी मी आमच्या कंदिलाचा पुन्हा व्हिडिओ घेतला. १२ व्होल्टच्या वायरीवर स्विच, गेटचा रेझिस्टर पाच व्होल्टला, मॉस्फेट पिन ० वर, चक्राची सुरुवात पूर्ण तेजावरून. स्विचचं बटण खाली गेलेलं ज्या फ्रेममध्ये दिसतं, त्याच्या पुढच्याच फ्रेममध्ये कागद उजळलेला आहे. बूटलोडर अजून तिथेच आहे आणि पाच-साडेपाच सेकंद थांबतोही. तेवढ्या वेळात आई पणत्या घेऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते.